मी नेमका कोठे उभा आहे?

हा लेख पुढे वाचण्याआधी एक छोटा प्रयोग करा. घराच्या किंवा शाळेच्या काचेच्या खिडकीपाशी उभे राहा. बाहेर दूरवर दिसणारी एखादी ठळक वस्तू निवडा. पाण्याची टाकी, देवळाचा कळस, मोबाइलचा मनोरा, काहीही चालेल. आता एक डोळा मिटा, मान स्थिर ठेवा आणि काचेवर स्केचपेनने त्या टाकीची बाह्यरेषा गिरवा. (काच शाळेची असेल तर आधी बाईंना विचारा आणि नंतर ओल्या फडक्याने ती पुसून टाका!)

रेषा टाकीवर अगदी चपखल बसली ना? आता पाय न हलवता डोके फक्त १० सेंटिमीटर उजवीकडे न्या. काय झाले? टाकी रेषेतून निसटली! रेषा काचेवर होती तेथेच आहे, टाकीही गावात होती तेथेच आहे, तरी दोघींची फारकत झाली. हलला तो फक्त तुमचा डोळा.

अलीकडे मोबाइलच्या पडद्यावर एक नवी करामत दिसू लागली आहे. फोनचा कॅमेरा अंगणाकडे धरला की पडद्यावर अंगण तर दिसतेच, पण अंगणात नसलेला डायनोसॉरही तेथे उभा असलेला दिसतो. तुम्ही फोन घेऊन त्याच्याभोवती फिरलात तर आधी तोंड, मग कूस, मग शेपूट असे सारे दिसते. खऱ्या दृश्यात आभासी वस्तू मिसळण्याच्या या तंत्राला ‘ऑगमेंटेड रिॲलिटी’ म्हणतात. मराठीत आपण त्याला ‘वर्धित वास्तव’ म्हणू. पुष्कळांना वाटते की यातले अवघड काम म्हणजे तो डायनोसॉर हुबेहूब काढणे. पण चित्र काढणे त्या मानाने सोपे असते. खरे अवघड काम तुम्ही आताच खिडकीपाशी अनुभवले. ते म्हणजे काढलेले चित्र जागेवर बसवणे आणि पाहणारा हलला तरी ते तेथेच बसलेले ठेवणे.

काचेवरचे गणित

थोडा हिशेब करू. समजा, तुमचा डोळा काचेपासून अर्धा मीटर दूर आहे आणि टाकी १०० मीटर दूर आहे. डोळा १० सेंटिमीटर उजवीकडे गेला, तर समरूप त्रिकोणांच्या नियमाने काचेवर टाकीची जागा ९.९५ सेंटिमीटर उजवीकडे सरकते. म्हणजे जवळजवळ डोळ्याइतकीच! आता काचेच्या पलीकडे, डोळ्यापासून १ मीटर अंतरावर तुळशीची कुंडी आहे असे समजा. तिची काचेवरची जागा फक्त ५ सेंटिमीटर सरकते. आणि काचेला बाहेरून चिकटलेल्या पालीची? ती मुळीच सरकत नाही.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. चित्र किती सरकवायचे हे दोन बाबींवर अवलंबून आहे. डोळा किती हलला ही एक, आणि वस्तू किती दूर आहे ही दुसरी. म्हणून फोनला सारे चित्र एकदम डावीकडे किंवा उजवीकडे ढकलून भागत नाही. दर सेकंदाला ३० किंवा ६० वेळा त्याला स्वतःला विचारावे लागते, ‘मी आता नेमका कोठे आहे आणि कोणत्या दिशेला पाहतो आहे?’

या प्रश्नाचे उत्तर सहा आकड्यांत मावते. पहिले तीन जागेचे: पुढे-मागे, डावी-उजवी आणि वर-खाली. उरलेले तीन वळणाचे, आणि ते तुमच्या मानेलाच ठाऊक आहेत. ‘नाही’ म्हणताना मान वळते ते एक, ‘हो’ म्हणताना झुकते ते दुसरे आणि ‘बरं बरं’ म्हणताना खांद्याकडे कलते ते तिसरे. हे सहा आकडे अचूक सापडले की आभासी वस्तू जागेवर बसलीच म्हणून समजा.

हा प्रश्न मोबाइलच्या आधीचा आहे. १९६८ साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात आयव्हन सदरलंड यांनी डोक्यावर घालण्याचा एक चष्मा तयार केला. त्यात खोली दिसे आणि खोलीत तरंगणारा, तारांच्या चौकटीसारखा ठोकळाही दिसे. डोके कोठे आहे हे कळावे म्हणून छतापासून एक यांत्रिक दांडा त्या चष्म्याला जोडलेला होता. पुढे १९९२ मध्ये बोइंग या विमाने बनवणाऱ्या कंपनीतील टॉम कॉडेल आणि डेव्हिड मिझेल यांनी असाच चष्मा कारागिरांसाठी सुचवला. विमानातील तारांचे जुडगे बांधताना कोणती तार कोठून न्यायची, हे कामाच्या फळीवरच दिसावे अशी त्यांची कल्पना होती. ‘ऑगमेंटेड रिॲलिटी’ हे नाव त्याच सुमारास आले. येथे रेषा दोन बोटे सरकली तर तार भलत्याच जागी जाणार. म्हणजे जागेवर बसणे ही केवळ शोभेची बाब नाही.

ललिंग आणि टेबल

तुम्ही म्हणाल, ‘सर, फोनला आपली जागा उपग्रहांवरून कळतेच की!’ कळते, पण मोकळ्या आभाळाखालीही त्यात काही मीटरची चूक राहते. ती ५ मीटर धरू. दिशा कळण्यासाठी फोनमध्ये होकायंत्रही असते. पण जवळ लोखंडी बाक किंवा सळया असल्या तर ते बिचकते. आपल्या खानदेशातील काळ्या पाषाणात, म्हणजे बेसाल्टमध्ये, मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असते. तेही कोठे कोठे सुईला थोडे भुलवते. दिशेतील चूक आपण फक्त १ अंश धरू.

आता धुळ्याच्या दक्षिणेला, मुंबई-आग्रा रस्त्यावरील ललिंगच्या किल्ल्याकडे पाहा. समजा, तुम्ही त्यापासून ५ किलोमीटर दूर उभे आहात आणि किल्ल्याच्या माथ्यावर ‘ललिंग’ अशी आभासी पाटी लावायची आहे. जागेत ५ मीटरची चूक झाली तर पाटी अंशाच्या सतराव्या हिश्शाइतकी सरकेल. डोळ्याला ते जाणवणारही नाही. पण दिशेत १ अंशाची चूक झाली तर पाटी तब्बल ८७ मीटर बाजूला पडेल. किल्ल्याचे नाव शेजारच्या उतारावर!

आता हाच खेळ तुमच्या टेबलावर मांडा. डोळ्यापासून १ मीटरवर एक आभासी वांगे ठेवायचे आहे. दिशेतील १ अंशाने ते पावणेदोन सेंटिमीटर सरकेल. पण जागेतील ५ मीटरची चूक त्याला टेबलावरूनच काय, खोलीतूनही बाहेर फेकून देईल.

म्हणजे दूरच्या वस्तूला दिशा सांभाळावी लागते आणि जवळच्या वस्तूला जागा. टेबलावरच्या वांग्यासाठी उपग्रहांचा उपयोग नाही. मग फोन काय करतो? तो शेकडो वर्षांपूर्वीच्या सर्व्हेअरांची युक्ती वापरतो.

तीन खुणांची युक्ती

मोजणी करणारा सर्व्हेअर अनोळखी माळावर उभा आहे. त्याच्या नकाशात तीन खुणा आहेत: एक टेकडी, एक देऊळ आणि एक विहीर. तिन्ही त्याला समोर दिसतात. तो टेकडी आणि देऊळ यांच्यामधला कोन मोजतो, मग देऊळ आणि विहीर यांच्यामधला. बस्स! या दोन कोनांवरून तो नकाशावरील स्वतःची जागा काढतो. १६१७ साली हॉलंडमधील स्नेल यांनी हा प्रश्न सोडवला होता. प्रकाशाच्या अपवर्तनाचा नियम ज्यांच्या नावाने तुम्ही शिकता, तेच हे स्नेल.

ही युक्ती चालते कशी, याचे उत्तर दहावीच्या भूमितीत आहे. एकाच कंसात अंतर्लिखित झालेले सर्व कोन एकरूप असतात. टेकडी आणि देऊळ ४० अंशांच्या कोनात दिसतात अशा सर्व जागा एका वर्तुळकंसावर येतात. देऊळ आणि विहीर यांचा कोन दुसरा कंस देतो. दोन कंस जेथे छेदतात, तेथे आपण! पण एक धोका आहे. तिन्ही खुणा आणि आपण स्वतः एकाच वर्तुळावर असलो तर दोन्ही कंस एकमेकांवर पडतात आणि उत्तर मिळतच नाही. सर्व्हेअर त्याला ‘धोक्याचे वर्तुळ’ म्हणतात. परीक्षेपुरते पाठ केलेले प्रमेय माळरानावर असे उभे ठाकते.

फोनला सपाट नकाशावरचे उत्तर पुरत नाही, त्याला सहाही आकडे हवेत. अवकाशातील तीन बिंदूंचा हा प्रश्न जर्मन गणिती ग्रुनर्ट यांनी १८४१ मध्ये सोडवला. त्यात तीन बिंदूंवरून चारपर्यंत उत्तरे निघू शकतात. त्यांतले खरे कोणते हे ठरवायला चौथा बिंदू लागतो. चौरसाला आयतेच चार कोपरे असतात! म्हणून १९९९ मध्ये जपानच्या हिरोकाझू कातो यांनी जी प्रणाली केली, तिच्यात काळ्या जाड चौकटीचा छापील चौरस वापरला होता. कॅमेऱ्यात त्या चौरसाचे चार कोपरे कोठे उमटले हे पाहायचे आणि त्यावरून कॅमेरा कोठे आहे ते काढायचे.

रावेरच्या पाहुण्याने धरलेली चूक

या चौरसाने मला एक धडा शिकवला. आमच्या महाविद्यालयात विज्ञानदिनाच्या प्रदर्शनासाठी मुलांनी अशीच एक प्रणाली उभी केली होती. विषय अर्थातच जळगावची केळी! सभागृहाच्या फरशीवर छापील चौरस ठेवायचा आणि फोनमधून पाहिले की त्यावर घड लागलेले, २ मीटर उंचीचे केळीचे झाड उभे राहायचे. झाड चौरसावर घट्ट बसले होते. फोन फिरवा, वाका, बाजूला जा, ते तसूभर हलत नव्हते. पाहुणे खूश, मुले खूश आणि मीही खूश.

दुपारी एका विद्यार्थ्याचे वडील आले. रावेर तालुक्यातील केळीचे शेतकरी. त्यांनी फोन मुलाच्या हाती दिला, स्वतः त्या चौरसाशेजारी जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, “बघ रे, माझ्या कुठपर्यंत येते?” झाडाचा शेंडा त्यांच्या हनुवटीपाशी संपत होता. ते मला म्हणाले, “सर, ही केळ कमी भरते. दोन मीटरची केळ माझ्या डोक्याच्या वर जायला पाहिजे.”

मी मोजपट्टी मागवली. मुलांनी प्रणालीला चौरसाची बाजू २० सेंटिमीटर सांगितली होती. पण छापताना संगणकाने चित्र कागदात बसावे म्हणून लहान केले होते आणि कागदावरचा चौरस भरला १५ सेंटिमीटर! फोन बिचारा समजत होता की चौरस २० सेंटिमीटरचाच आहे, तो लहान दिसतो कारण तो दूर आहे. म्हणून त्याने झाडही दूरचे समजून तीनचतुर्थांश मापाचे काढले. २ मीटरची केळ दीड मीटरची झाली. चौरसाशी ती तंतोतंत जुळत होती, पण सभागृहाशी जुळत नव्हती.

सकाळपासून शेकडो जणांनी ते झाड पाहिले, भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या मीही पाहिले. चूक धरली ती रोज खरी केळ पाहणाऱ्या माणसाने, आणि तीही खऱ्या मापाशेजारी, म्हणजे स्वतःच्या उंचीशेजारी, उभे राहून. जागेवर बसलेली वस्तू बरोबर मापाची असतेच असे नाही, हे मी त्या दिवशी शिकलो.

बैलजोडी

तुमच्या फोनला आता बहुधा असा चौरस लागत नाही. २०१७ पासून साध्या फोनवरही चौरसाविना हे तंत्र येऊ लागले. आता कॅमेरा दृश्यातच खुणा शोधतो. फरशीचा सांधा, पुस्तकाचा कोपरा, चटईची नक्षी अशा शेकडो ठिपक्यांवर तो नजर ठेवतो. फोन हलला की ठिपके वेगवेगळे सरकतात, जवळचे आणि दूरचे निरनिराळे, खिडकीतील टाकी आणि तुळशीसारखे. त्यावरून तो ठिपक्यांची मांडणी आणि स्वतःची चाल दोन्ही एकदम काढतो. मात्र कोऱ्या पांढऱ्या भिंतीसमोर किंवा अंधारात त्याची नजर कोठेच ठरत नाही.

पण कॅमेऱ्याला एक उणीव आहे. एका कॅमेऱ्याला जवळची काडेपेटी आणि दूरची पेटी सारखीच दिसू शकते. मीटर म्हणजे किती, हे त्याला ठाऊक नसते. ते सांगतो फोनमधील त्वरणमापक. त्वरणावरून वेग आणि वेगावरून अंतर काढता येते, हे तुम्ही नववीत शिकलात. मग कॅमेऱ्याची गरजच काय? हिशेब करा. त्वरणमापकाची चूक फक्त ०.०१ मीटर प्रतिसेकंद वर्ग, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या हजाराव्या हिश्शाइतकी धरा. अंतर = ½ × त्वरण × काळाचा वर्ग. एका मिनिटात चूक होते ½ × ०.०१ × ३६०० = १८ मीटर! टेबलावर ठेवलेला फोन स्वतःला मैदानापलीकडे गेलेला समजेल.

म्हणून दोघांना एका जुवाला जुंपतात. एक बैल चपळ आहे, पण वाट सोडतो. दुसरा सावकाश आहे, पण वाट ओळखतो. त्वरणमापक सेकंदात शेकडो वेळा बातमी देतो आणि मीटरचे माप सांगतो. कॅमेरा मधूनमधून त्याची भरकट सुधारतो. एकट्याने औत चालत नाही, जोडीने सरळ तास निघतो.

वेळेचाही प्रश्न आहे. तुम्ही मान साधारण सेकंदाला ५० अंश या वेगाने वळवली आणि गणित व्हायला सेकंदाचा दहावा भाग लागला, तर चित्र ५ अंश मागे राहते. १ मीटरवर ही चूक जवळजवळ ९ सेंटिमीटर भरते. फोनची येथे एक सोय आहे. तो खरे दृश्यही थोडे थांबवून चित्राबरोबर दाखवू शकतो. आरपार दिसणाऱ्या चष्म्यात ही सोय नाही. खरे जग तेथे प्रकाशाच्या वेगाने डोळ्यांत शिरते, ते कोणासाठी थांबत नाही.

भुसावळची कबर आणि अजिंठ्याची भिंत

या साऱ्या खटाटोपाचा उपयोग डायनोसॉर नाचवण्यापलीकडे काय? उत्तरासाठी आपण अजिंठ्याला जाऊ. लेणी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात असली तरी जळगावहून ती सुमारे ६० किलोमीटरवर आहेत. तुमच्यातील अनेकांची सहल तेथे गेली असेल. तेथील भित्तिचित्रांचे पोपडे जागोजागी गळाले आहेत. गेलेला भाग भिंतीवर पुन्हा रंगवणे म्हणजे मूळ ठेव्याला धक्का लावणे.

१८४४ साली ईस्ट इंडिया कंपनीने रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याला ही चित्रे उतरवून घेण्याचे काम दिले. कित्येक वर्षे खपून त्याने मोठमोठ्या तैलचित्रांत ती उतरवली आणि लंडनला पाठवली. १८६६ साली तेथील क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि त्यांतली जवळजवळ सर्व चित्रे जळून गेली. पण गिलने लेण्यांची छायाचित्रेही घेतली होती, तीही जोडचित्रे. दोन डोळ्यांप्रमाणे शेजारी-शेजारी दोन भिंगांतून घेतलेली ही छायाचित्रे १८६४ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. गिल १८७९ साली वारला. त्याची कबर आपल्या भुसावळात आहे.

आता गंमत पाहा. त्या छायाचित्रांत खांब आहेत, चौकटी आहेत, कोपरे आहेत. ते खांब आजही लेण्यांत उभे आहेत. पुरेशा खुणा ओळखता आल्या, तर सर्व्हेअरच्याच युक्तीने गिलचा कॅमेरा त्या दिवशी नेमका कोठे उभा होता आणि कोणीकडे पाहत होता, हे काढता येते. मग त्याच जागी फोन धरून जुने छायाचित्र आजच्या दृश्यावर जसेच्या तसे बसवता येईल. दीडशे वर्षांत काय ढासळले आणि काय डागडुजीने नवे आले, ते भिंतीला बोटही न लावता दिसेल.

गळालेल्या पोपड्यांच्या जागी आभासी रंग भरून दाखवणेही असेच शक्य आहे. पण तेथे मला रावेरचे ते शेतकरी आठवतात. आभासी रंग भिंतीवर चपखल बसला की पाहणाऱ्याला तो खराच वाटणार. म्हणून जे जुन्या नोंदींवरून ठाऊक आहे ते एका तऱ्हेने दाखवावे आणि जे आजच्या चित्रकाराच्या अंदाजाने भरले आहे ते निराळे, फिकट किंवा नुसत्या रेषांत दाखवावे. नाही तर आपण घरी नेऊ ती आठवण अजिंठ्याची नसेल, अंदाजाची असेल.

करून पाहा

शाळेच्या आवाराचा १ सेंटिमीटर = ५ मीटर या प्रमाणाचा नकाशा काढा. त्यात झेंड्याचा खांब, फाटक आणि पाण्याची टाकी या तीन खुणा मोजून दाखवा. आता मित्राला म्हणावे, ‘मैदानात कोठेही उभा राहा, पण मला सांगू नकोस.’ त्याने पाट समपातळीत ठेवून त्यावर ट्रेसिंग पेपर लावावा, मध्ये एक टाचणी टोचावी आणि टाचणीपासून तिन्ही खुणांच्या दिशेने पट्टीने तीन रेषा आखाव्यात. तेवढा कागद घेऊन तुम्ही वर्गात बसा. कागद नकाशावर ठेवून सरकवत, फिरवत राहा. तिन्ही रेषा आपापल्या खुणांवरून एकाच वेळी गेल्या की टाचणीचे भोक जेथे असेल, तेथे तुमचा मित्र उभा होता!

मग त्याला तिन्ही खुणांतून जाणाऱ्या वर्तुळावर उभे करा आणि पुन्हा शोधून पाहा. या वेळी कागद कोठे बसतो, आणि किती ठिकाणी बसतो?